विभाग बंद होतायत, पण मुलगी म्हणते 'इथली माणसं सोडून जाणार नाही': लहान लिबरल आर्ट्स कॉलेजातून ट्रान्स्फर घ्यावी का?

नाशिकच्या एका आईंचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी अमेरिकेत, ओहायोतल्या हजारभर विद्यार्थ्यांच्या लिबरल आर्ट्स कॉलेजात (भाषा, कला, विज्ञान असे सगळे विषय शिकवणाऱ्या लहान पदवी कॉलेजात) दुसऱ्या वर्षाला आहे. इकॉनॉमिक्स मेजर (मुख्य विषय), गणित मायनर (जोडविषय). गेल्या महिन्यात कॉलेजच्या अध्यक्षांची मेल आली: चार विभाग बंद होणार, काही प्राध्यापकांची पदं जाणार, दोन नवे अभ्यासक्रम सुरू होणार. घरच्यांना वाटतं, आत्ताच मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत ट्रान्स्फर घ्यावी. मुलगी म्हणते, इथली माणसं सोडून मी कुठेही जाणार नाही. आईंना विचारायचंय की हे भावनेच्या भरातलं बोलणं आहे, की त्यात तथ्य आहे? आणि कॉलेज मध्येच बंद पडलं तर काय?

ताई, आधी माझ्याबद्दल दोन ओळी. मी मूळची साताऱ्याची. बी.एस्सी. तिकडेच झालं, पीएच.डी.साठी इकडे अमेरिकेत आले आणि गेली २३ वर्षं मिडवेस्टमधल्या (ओहायो आणि त्याच्या आसपासच्या राज्यांतल्या) अशाच एका लहान कॉलेजात गणित शिकवते. आमच्याकडे विभाग बंद होण्याचे दोन फेरे होऊन गेले. दुसऱ्या फेरीत, बंद झालेल्या विभागांतल्या मुलांची डिग्री वेळेत कशी पूर्ण होईल हे पाहणाऱ्या समितीत मी होते. त्यामुळे अशी मेल लिहिली जाते तेव्हा आत काय चाललेलं असतं आणि ती आल्यावर वर्गात काय होतं, या दोन्ही गोष्टी मी जवळून पाहिल्या आहेत.

तुमच्या बोलण्यात दोन प्रश्न एकात एक गुंतलेत. कॉलेज टिकेल का, हा एक. आणि उरलेल्या अडीच वर्षांत तुमची मुलगी तिथे नीट शिकेल का, हा दुसरा. सगळे पालक पहिल्याच प्रश्नाच्या मागे लागतात, कारण बातम्या त्याच्याच येतात. पण कॉलेज उत्तम टिकलं आणि तिचं शिकणं मात्र विस्कटलं, असं होऊ शकतं. उलटही होतं. बंद होत असलेल्या विभागातल्या शेवटच्या पाच मुलांना मनापासून शिकवणारे सहकारी मी पाहिलेत. तुमची मुलगी 'माणसं' म्हणते तेव्हा ती दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते आहे, आणि तिच्या उत्तरात बरंच तथ्य आहे.

का, ते सांगते. माझ्या कॅल्क्युलसच्या वर्गात १६ मुलं असतात, रिअल ॲनालिसिसला (कॅल्क्युलसच्या पुढचा, सिद्धतांचा कोर्स) सहा-सात. साताऱ्याला आम्ही एका वर्गात ८०-९० जण होतो. आमचे सर फार चांगले होते, पण तीन वर्षांत मी त्यांना एकही प्रश्न विचारला नाही. तशी सोयच नव्हती. इथे मुलगी फळ्यासमोर उभी राहते, सिद्धता लिहायला लागते, तिसऱ्या ओळीत अडते. मी गप्प बसते. वर्ग गप्प बसतो. मग मागून कुणीतरी म्हणतं, 'डेल्टा आधी ठरवलास का?' आणि गाडं पुढे सरकतं. चारचौघांत अडण्याची लाज वाटत नाही, कारण कालच्या गृहपाठावर ते सगळे रात्री अकरापर्यंत एकत्र बसलेले असतात.

एक प्रसंग सांगते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. काही वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाची एक मुलगी होती. फळ्यावरचं उतरवताना आकडे चुकायचे, ३ चा ८ व्हायचा. मला वाटलं, घाईत लिहिते. डायनिंग हॉलमध्ये आम्ही सात-आठ प्राध्यापक दुपारी एका लांब टेबलावर जेवतो. तिथे एकदा विषय निघाला तेव्हा केमिस्ट्रीच्या सहकारी म्हणाल्या, प्रयोगशाळेत ती मोजनळीला अगदी नाक लावून वाचते. इतिहासाचे प्राध्यापक म्हणाले, माझ्या वर्गात स्लाइड सुरू झाली की ती वही मिटून ठेवते. तिघांकडे एकेक तुकडा होता, तो त्या टेबलावर जुळला. मुलीला चष्मा लागला होता आणि घरची ओढाताण वाढायला नको म्हणून ती कुणाला बोलत नव्हती. कॉलेजच्या नर्सने सोय करून दिली. सेमिस्टर संपताना तिला कॅल्क्युलसमध्ये बी प्लस मिळाला. आम्हा तिघांपैकी एकट्याला कुणालाही हे कळलं नसतं. ४० हजार विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात शिक्षक आमच्यापेक्षा हुशार असतील, पण रसायनवाले, इतिहासवाले आणि गणितवाले एका ताटाला बसत नाहीत.

म्हणून माझं सांगणं आहे की अशा कॉलेजात ओळखीपाळखी हा शिक्षणाच्या जोडीला मिळणारा गोडवा नाही, शिक्षण तिच्यातूनच होतं. तुम्ही वर्षाला जी मोठी रक्कम भरता, ती मुख्यतः याच गोष्टीसाठी.

आता बदलाच्या काळात काय होतं ते बघा. विभाग बंद झाले की लोक अभ्यासक्रमांची यादी मोजतात: किती गेले, किती उरले. मी पाहिलं त्यात पहिला फटका यादीला बसत नाही, त्या जेवणाच्या टेबलाला बसतो. पदं कमी झाली की उरलेल्यांवर जादा वर्ग येतात, प्रत्येक जण चार-चार समित्यांवर जातो आणि दुपारचं सँडविच आपापल्या खोलीत संगणकासमोर खातो. आमच्या विभागात दर गुरुवारी चार वाजता चहा असायचा. विद्युत किटली, बिस्किटं, भिंतभर पांढरा फळा आणि ज्याला जे अडलंय ते त्यानं फळ्यावर लिहायचं. हे सगळं विभागाच्या सचिव बाई सांभाळायच्या. दुसऱ्या फेरीत त्यांची नोकरी अर्धवेळ झाली आणि गुरुवारी दुपारी त्या नसायच्या. चहा बंद करायचा असं कुणीही ठरवलं नव्हतं, तो आपोआप थांबला. त्या सेमिस्टरला माझ्याकडे येणारे गृहपाठ एकसारखे दिसायला लागले. एकानं सोडवायचं, बाकीच्यांनी उतरवायचं. फळ्यासमोर यायला मुलं कचरायला लागली. त्याचा संबंध चहाशी आहे हे आमच्या लक्षात यायला चार महिने गेले. मग तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलांनी किटलीची जबाबदारी घेतली, मी घरून आलं-वेलची नेऊन ठेवली आणि हळूहळू घडी बसली. इतकी साधी गोष्ट होती. पण चार महिने गेलेच, आणि ज्यांच्या शिक्षणाचे ते महिने होते त्यांना ते परत मिळाले नाहीत.

अशा कॉलेजांवर ही वेळ का आली, तेही थोडं समजून घ्या, म्हणजे प्रत्येक मेलने घाबरायला होणार नाही. अमेरिकेत २००७ साली ४३ लाखांहून जास्त मुलं जन्मली, तो उच्चांक होता. २००८च्या मंदीनंतर जन्म घटत गेले. ती मुलं २०२५च्या सुमारास १८ वर्षांची झाली, म्हणजे कॉलेजच्या दारात येणारी मुलं यापुढे कमीच होणार. त्यातही ईशान्येकडची राज्यं आणि मिडवेस्ट, जिथे ही लहान कॉलेजं दाटीवाटीने आहेत, तिथे घट जास्त आहे. दुसरं म्हणजे छापील फी आणि कॉलेजच्या हातात पडणारी फी यांतलं अंतर. खासगी कॉलेजं पहिल्या वर्षाच्या मुलांना सरासरीने अर्ध्याहून जास्त फी सवलत म्हणून परत देतात. तुमच्या मुलीलाही अशी सवलत असणार. त्यामुळे वर्ग भरलेला दिसला तरी तिजोरी भरलेली असेलच असं नाही. अशा वेळी तीन-तीन मुलांचे विभाग चालू ठेवणं कॉलेजला झेपत नाही. विभाग बंद होणं दुःखद आहे, माझे जवळचे सहकारी त्यात गेले आहेत. पण नुसतं तेवढ्यावरून कॉलेज शेवटच्या घटका मोजतंय असा अर्थ काढू नका. कधीकधी तो वेळेवर घेतलेला कडू निर्णय असतो.

बंद पडण्याच्या भीतीचं काय? ती खोटी नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट आयडा कॉलेजने २०१८च्या एप्रिलमध्ये जाहीर केलं आणि मे महिन्यात ते बंद झालं. पुढे त्या राज्याने कॉलेजांच्या आर्थिक तब्येतीवर लक्ष ठेवण्याचा कायदा केला. न्यूयॉर्क राज्यातलं वेल्स कॉलेज १८६८चं, तेही २०२४च्या एप्रिलअखेर जाहीर करून त्याच सेमिस्टरनंतर बंद झालं. फिलाडेल्फियातल्या युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्सने तर २०२४ साली विद्यार्थ्यांना जेमतेम आठवडाभर आधी कळवलं. दुसऱ्या बाजूला व्हर्जिनियातलं स्वीट ब्रायर. मार्च २०१५ मध्ये विश्वस्तांनी ते बंद करायचं ठरवलं होतं. माजी विद्यार्थिनी कोर्टात गेल्या, १ कोटी २० लाख डॉलर उभे करायची हमी दिली आणि जूनमध्ये तडजोड होऊन कॉलेज वाचलं. ओहायोतलंच अँटिओक २००८ साली बंद झालं होतं, ते माजी विद्यार्थ्यांनी २०११ मध्ये पुन्हा सुरू केलं.

या सगळ्यांत मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं ते व्हरमाँटमधलं मार्लबरो. १९४६ साली सुरू झालेलं, शेवटी दोनशेहून कमी विद्यार्थी उरलेले. तिथला कारभार गावसभेसारखा चालायचा: विद्यार्थी, प्राध्यापक, कर्मचारी सगळे एका सभेत बसायचे आणि प्रत्येकाला एकच मत. २०२० मध्ये कॉलेज बंद करताना त्यांनी बरंच नीट केलं. आपली कायम ठेव (देणग्यांतून साठवलेला निधी) बोस्टनच्या इमर्सन कॉलेजला दिली, विद्यार्थ्यांना तिथे जागा मिळाल्या, कायम प्राध्यापकांनाही नोकऱ्या मिळाल्या. कागदोपत्री विद्यार्थ्यांचं नुकसान झालं नाही. पण टेकडीवरच्या त्या सभेसाठीच जे विद्यार्थी तिथे आले होते त्यांना बोस्टनच्या भर वस्तीत, हजारोंच्या कॉलेजात ती मिळणार नव्हती. क्रेडिट (पूर्ण केलेल्या कोर्सचे गुणांक) ट्रान्स्फर होतात, जमलेली माणसं एकगठ्ठा ट्रान्स्फर होत नाहीत. म्हणून मुलगी 'माणसं' म्हणते तेव्हा तिचं बोलणं हलक्यात घेऊ नका.

आता तुम्ही काय करायचं. पैशाचं आधी, कारण ते तुम्ही नाशकात बसूनही पाहू शकता. अशी कॉलेजं ना-नफा संस्था असल्यामुळे त्यांना दरवर्षी फॉर्म ९९० (जमाखर्चाचं विवरण) भरावा लागतो आणि तो सगळ्यांना पाहायला खुला असतो. प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या संकेतस्थळावर कॉलेजचं नाव टाकलंत की फुकट मिळेल. सलग तीन-चार वर्षांचे बघा. एखाद्या वर्षी खर्च जास्त असेल तर चालतं, दरवर्षी खड्डा पडत असेल तर नाही. कायम ठेवीचा आकडा बघून हुरळून जाऊ नका, कारण त्यातली बरीच रक्कम देणगीदाराने ठरवून दिलेल्या कामालाच वापरता येते. अमेरिकन शिक्षण खातं खासगी कॉलेजांना आर्थिक गुण देतं, उणे १ ते ३ या पट्टीवर. दीड किंवा त्याहून जास्त असेल तर ठीक. ओहायोतल्या कॉलेजांना मान्यता देते ती शिकागोची हायर लर्निंग कमिशन. तिच्या संकेतस्थळावर तुमच्या कॉलेजच्या नावापुढे काही ताकीद लिहिली आहे का, ते बघा. तशी ताकीद असेल तर माझं पुढचं सगळं बोलणं बाजूला ठेवा आणि ट्रान्स्फरच्या तयारीला लागा.

शिकण्याचं मात्र मुलीलाच विचारावं लागेल, आणि 'कसं चाललंय?' असं विचारून उपयोग नाही. त्याचं उत्तर 'छान' असंच येतं. बारीकसारीक विचारा. तुझे ॲडव्हायझर (कोर्स निवडायला मार्गदर्शन करणारे प्राध्यापक) राहणार आहेत का? जात असतील तर पुढचं नाव तुला कुणी आपणहून सांगितलं, की तुला इकडून तिकडून कळलं? इकॉनोमेट्रिक्स पुढच्या वर्षी कोण शिकवणार, कायम प्राध्यापक की एका वर्षासाठी आलेले? संध्याकाळी गणिताला मदत करणारी मुलं बसतात ती वेळ कमी झाली का? तास संपल्यावर मुलं रेंगाळतात की लगेच पांगतात? आणि एक प्रश्न मी नक्की विचारीन: त्या मेलबद्दल वर्गात किती प्राध्यापक बोलले?

हा शेवटचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. पहिल्या फेरीत आम्ही बहुतेक जण गप्प राहिलो. वाटलं, मुलांना कशाला त्रास द्यायचा, आपण आपलं शिकवावं. झालं असं की मुलं कानावर येईल त्यावर विश्वास ठेवू लागली. 'गणित पण जाणार' ही अफवा माझ्याच वर्गात तीन आठवडे फिरत होती आणि मला पत्ता नव्हता. दुसऱ्या फेरीत मी पहिल्याच दिवशी १५ मिनिटं बाजूला काढली. मला काय माहीत आहे ते सांगितलं, काय माहीत नाही तेही सांगितलं, आणि जे माझ्या हातात होतं त्याचा शब्द दिला: रिअल ॲनालिसिस या वर्षी होणार, मुलं तीन असली तरी. मग आम्ही पुस्तक उघडलं. त्या वर्गाने मन लावून अभ्यास केला. तुमच्या मुलीचे शिक्षक असं बोलत असतील तर ती चांगली खूण आहे. सगळेच तोंड मिटून असतील तर मला काळजी वाटेल.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मोकळेपणाने सांगते. तिचा विषय इकॉनॉमिक्स आहे म्हणून मी इतकी निवांत लिहिते आहे. अशा कॉलेजांत हा विषय सहसा शेवटपर्यंत टिकतो, कारण मुलं असतात. ती जर्मन किंवा संगीत शिकत असती तर मी वेगळं उत्तर दिलं असतं. वर्षाचाही फरक पडतो. आत्ता दुसऱ्या वर्षात ट्रान्स्फर घेणं त्यातल्या त्यात सोपं आहे, तिसऱ्या वर्षानंतर क्रेडिट वाया जातात आणि बऱ्याच ठिकाणी एक सेमिस्टर, कधी वर्ष वाढतं. आणि सवलतीचा हिशोब करा. लहान खासगी कॉलेजं परदेशी मुलांना जी मदत देतात, तशी स्टेट युनिव्हर्सिट्या क्वचितच देतात. छापील फी कमी दिसली तरी तुमच्या खिशातून जास्त जाईल, अशी शक्यता बरीच आहे.

व्हिसाची भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण असणारच. कॉलेज बंद झालं तर एफ-१ (विद्यार्थी) व्हिसा त्या क्षणी संपत नाही, पण तिची सेव्हिस नोंद (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) दुसऱ्या मान्यताप्राप्त कॉलेजात वेळेत हलवून तिथून नवीन आय-२० (प्रवेशाचा अधिकृत दाखला) घ्यावा लागतो. हे काम कॉलेजातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्यामार्फत होतं. त्या अधिकाऱ्याची आणि तिची ओळख आजच असू द्या, अडचणीच्या दिवशी पहिल्यांदा दार वाजवायला नको. नीट बंद होणारी कॉलेजं शेजारच्या कॉलेजांशी टीच-आउटचा करार करतात, म्हणजे मुलांना तिथे उरलेली डिग्री पूर्ण करता येते. तुमच्या कॉलेजने बंद होणाऱ्या चार विभागांतल्या मुलांसाठी काय सोय केली आहे, ते बघा. आत्ता त्या मुलांशी ते जसे वागतायत, तसेच उद्या तुमच्या मुलीशी वागतील.

माझं मत विचाराल तर: पैशाच्या कागदांत धोक्याची खूण नसेल आणि वरच्या प्रश्नांना तिची उत्तरं बरी असतील, तर तिला तिथेच राहू द्या. पण हात बांधून बसू नका. बऱ्याच विद्यापीठांची ट्रान्स्फरची मुदत फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. दोन ठिकाणी अर्ज भरून ठेवायला सांगा. अर्ज भरला म्हणजे कॉलेज सोडलं असं होत नाही आणि ॲडव्हायझरना हे उघडपणे सांगायला तिने अजिबात संकोचू नये. मी स्वतः अशा मुलांना शिफारसपत्रं लिहिली आहेत. त्यातली काही गेली, काही राहिली. कुणाबद्दलही माझ्या मनात अढी नाही.

आणि तिने एक काम याच आठवड्यात करावं. आत्तापर्यंत घेतलेल्या प्रत्येक कोर्सच्या सिलॅबसची पीडीएफ उतरवून स्वतःकडे ठेवावी, पुस्तकांची नावं आणि आठवड्यांची विभागणी असलेली. दुसरं कॉलेज क्रेडिट द्यायचं की नाही हे त्यावरून ठरवतं आणि प्राध्यापक गेले, कॉलेजचा सर्व्हर बदलला की हे कागद शोधून सापडत नाहीत. आमच्या समितीत आमचा सगळ्यात जास्त वेळ यातच गेला.

दुसरं म्हणजे, लहान विभागांत वरचे कोर्स दरवर्षी होत नाहीत, एक वर्षाआड होतात. त्याचा दोन वर्षांचा एक तक्ता असतो. इकॉनॉमिक्स आणि गणित, दोन्ही विभागांचा तो तक्ता तिने विभागप्रमुखांकडून मागून घ्यावा, ती पास होईल त्या मे महिन्यापर्यंतचा, आणि तो लेखी हवा. पदं जाऊन सहा आठवडे झाले आणि असा तक्ता तयार असेल, तर तिथली माणसं अजून एकमेकांशी बोलतायत असं मी समजते. तो मिळाला की इथे टाका. कुठला कोर्स कधी घ्यायचा आणि कुठला पुढे ढकलला तर अडचण येईल, हे मी तुमच्यासोबत बसून बघेन.